ढिगाच्या तळापर्यंत हात

मदिनेच्या बाजारातली एक गोष्ट मुस्लिम घरांत मुलांना लहानपणीच सांगितली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून चालले होते. एका व्यापाऱ्याने धान्याचा ढीग लावला होता. वरचे धान्य कोरडे, स्वच्छ, विकत घ्यावेसे वाटणारे. प्रेषितांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. हे काय, असे विचारल्यावर पाऊस लागला, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. ‘सहीह मुस्लिम’ या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि कृतींच्या, संग्रहात ही घटना नोंदलेली आहे.

या गोष्टीत एक बारकावा आहे. ओले धान्य विकूच नकोस, असे त्या व्यापाऱ्याला सांगितलेले नाही. पाऊस पडणे त्याच्या हातात नव्हते. ओला माल वर ठेव, घेणाऱ्याला दिसू दे, मग त्याला परवडेल त्या भावाने तो घेईल, एवढीच अपेक्षा आहे.

रमजान लागला की पालघर स्टेशनबाहेर आणि बोईसरच्या बाजारात संध्याकाळची गर्दी वाढते. खजूर, कलिंगड, शेवया, मुलांचे कपडे यांची खरेदी चालते. पण बाजाराचा मोठा भाग आता खिशातल्या फोनमध्ये गेला आहे. घरगुती शीरखुर्म्याची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर दिली जाते. ड्रेस मटेरियल इन्स्टाग्रामच्या रीलमधून निवडले जाते. सातपाटीचे सुके बोंबील, घोलवडचे चिकू, वाड्याचा तांदूळ यांचे फोटो गटागटांतून फिरतात. तारापूर एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराची ऑर्डर ई-मेलने येते, बिल पोर्टलवर चढते, पैसे खात्यात जमा होतात. सोय झाली यात शंका नाही. फक्त ढिगात हात घालायची सोय उरली नाही. फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर. तळाशी काय आहे, हे विकणाऱ्यालाच ठाऊक.

इस्लामी अर्थविचार म्हटले की बहुतेकांना व्याजबंदी आणि जकात या दोनच गोष्टी आठवतात. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग बाजारातल्या साध्या खरेदी-विक्रीविषयी आहे. त्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. ज्याच्या ताब्यात ढीग आहे, त्यानेच तळ दाखवायचा. समोरच्याने हात घालून तपासेपर्यंत थांबायचे नाही. समोरचा हात घालूच शकत नाही अशा आजच्या बाजारात या नियमाची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे, आणि ती फक्त मुसलमानांपुरती नाही.

शब्द आधीच घरात आहेत

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वावरणाऱ्याला एक गंमत रोज दिसते. हिशेब, कर्ज, रक्कम, नफा, दलाल, जामीन, वसुली, तगादा हे सगळे शब्द मूळचे अरबीतले, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठी झाले. कोणत्याही धर्माचा दुकानदार ते वापरताना क्षणभरही थांबत नाही. ‘बरकत’ हा शब्दही तसाच. व्यवहार करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले आणि मालातले दोष उघड केले तर त्या व्यवहारात बरकत येते, लपवले तर बरकत पुसली जाते, अशा आशयाची हदीस आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची आपल्याकडची जुनी रीत याच भावनेच्या जवळची आहे. लाभ हवा, पण माप भरलेले हवे. कुरआनात तर मापात मारणाऱ्यांविषयी स्वतंत्र अध्याय आहे, ‘अल-मुतफ्फिफीन’ या नावाचा. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असे त्यांचे वर्णन त्यात येते.

प्रेषित स्वतः व्यापारी होते. हजरत खदीजा या मक्केतल्या संपन्न व्यापारी. त्यांचा माल घेऊन प्रेषित सीरियाकडे गेले होते, विवाहाच्याही आधी. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात ठरलेला वाटा, या पद्धतीला पुढे ‘मुदारबा’ हे नाव रूढ झाले. आज एखादा तरुण मामाकडून भांडवल घेऊन ऑनलाइन दुकान सुरू करतो आणि नफ्यातला हिस्सा मामाला देतो, तेव्हा तो हेच करत असतो. फरक एवढाच की बऱ्याचदा ते कागदावर येत नाही आणि पहिल्या तोट्यानंतर मामा-भाच्याचे बोलणे बंद होते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्या-घेण्याच्या लिखापढीविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवायला कंटाळू नये, मुदत ठरवावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असे ती सांगते. आपण मात्र जवळच्या माणसाकडे कागद मागायला संकोचतो.

पाण्यातला मासा

फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या ग्रंथांत ‘गरर’ ही संकल्पना वारंवार येते. जे हातात नाही, ज्याचा आकार-दर्जा माहीत नाही, जे मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याची पक्की विक्री करणे म्हणजे गरर. त्यासाठी जे दाखले दिले जातात त्यांतला एक आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन समजेल: पाण्यात पोहत असलेला, अजून न पकडलेला मासा. सातपाटीच्या कोळणीला हे शिकवायला नको. होडी किनाऱ्याला लागल्याशिवाय पापलेटचा भाव ती फोडणार नाही.

कॉलेजात वाणिज्य शाखेची मुले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. त्यांतली काही ‘ड्रॉपशिपिंग’ करतात. म्हणजे दुसऱ्याच्या मालाचे फोटो स्वतःच्या पानावर टाकायचे, गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे आणि मग मूळ विक्रेत्याला परस्पर माल पाठवायला सांगायचे. माल या मुलाने कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. हे चालते का?

असाच प्रश्न प्रेषितांच्या काळात हकीम बिन हिजाम या व्यापाऱ्याने विचारला होता. गिऱ्हाईक येते, त्याला हवी ती वस्तू माझ्याजवळ नसते, मी आधी विकतो आणि नंतर बाजारातून आणून देतो, हे करू का? जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस, असे उत्तर त्याला मिळाले. माल मिळाला नाही, उशिरा आला किंवा वेगळाच निघाला, तर गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात आणि जबाबदारी कोणाची हे ठरत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

पण इथेच थांबले तर या मुलांवर अन्याय होईल, कारण वाट बंद केलेली नाही, दुसरी दाखवलेली आहे. पहिली वाट ‘वकाला’. आपला ‘वकील’ हा शब्द त्याच धातूतला. मी विक्रेता नाही, अमुक विक्रेत्याचा प्रतिनिधी आहे, इतके कमिशन घेतो, असे स्पष्ट सांगून व्यवहार करायचा. दुसरी वाट ‘सलम’. मदिनेतले लोक खजुरांचे पैसे एक-दोन वर्षे आधी देत असत. प्रेषितांनी ती पद्धत मोडली नाही. मात्र माप, वजन आणि मुदत नेमकी ठरवायला सांगितली. म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ईदच्या दोन दिवस आधी पाच किलो शीरखुर्मा देणारी गृहिणी पूर्ण नियमात आहे, फक्त काय, किती, कधी हे आधी ठरलेले हवे. ‘स्टॉक आला की पाठवतो’ ही मुदत नव्हे.

पाच तारे आणि खोटी बोली

जुन्या बाजारात एक चाल होती. वस्तू घ्यायची नसताना कोणीतरी गर्दीत उभे राहून भाव वाढवत जायचे, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला वाटावे की मागणी फार आहे. अरबीत या चालीला ‘नजश’ म्हणतात आणि हदीसमध्ये तिला स्पष्ट मनाई आहे.

आजचा नजश करणारा गर्दीत उभा राहत नाही. तो पाच तारे देतो. चुलत भाऊ, मित्र, शेजारी यांना लिंक पाठवून ‘जरा छान रिव्ह्यू टाक ना’ असे सांगितले जाते आणि न वापरलेल्या वस्तूची तारीफ छापून येते. पडद्यावर ‘फक्त २ शिल्लक’ अशी लाल अक्षरे चमकतात, गोदामात मात्र खोकी भरलेली असतात.

आपल्या देशाचा कायदाही आता याच ठिकाणी पोचला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाविषयी अभिप्राय लिहिणे बेकायदा आहे. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक आणले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. खोटी घाई लावणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे, वर्गणी सहज सुरू करून देणे आणि बंद करताना दमवणे, या सगळ्या त्या यादीत आहेत.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही भिडतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये आणि वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव वाड्याच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या तांदळामुळे मोठे झाले. त्याच नावाने दुसरीकडचा तांदूळ शहरात विकला जातो, ही त्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ऑनलाइन तर नाव टाइप करायला काहीच लागत नाही. वारली चित्रांचेही तेच. यंत्राने छापलेल्या मगवर ‘हस्तनिर्मित वारली’ असे लिहिले की पाड्यावर बसून चित्र काढणाऱ्याची मजुरी पडते. दुसऱ्याचे नाव लावून वरचा थर सजवणे म्हणजे ओले धान्य झाकणेच. फरक एवढाच की इथे दोघांचे नुकसान होते, घेणाऱ्याचे आणि ज्याचे नाव चोरले त्याचे.

गिऱ्हाइकानेही स्वतःकडे पाहायला हवे. घेतलेला माल पाहून परत करण्याचा हक्क इस्लामी कायद्यात आहे. त्याला ‘खियार’ म्हणतात. हनफी परंपरेत न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क वेगळा मान्य केलेला आहे. पश्चात्ताप झालेल्या गिऱ्हाइकाचा माल परत घेणाऱ्या विक्रेत्याची तर स्तुती केलेली आहे. पण सणाला कुर्ता टॅगसकट घालायचा, फोटो काढायचे, घामाचा वास पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी ‘साइज बसत नाही’ म्हणून परत पाठवायचा, हा खियार नव्हे. त्या कुर्त्याचा दोष फक्त परत करणाऱ्यालाच माहीत असतो. तेव्हा ढीग त्याच्या ताब्यात आलेला असतो. ईदला आणि दिवाळीला लहान विक्रेत्यांना याचा फटका सारखाच बसतो.

हप्त्याच्या पोटात

सणाच्या खरेदीत आता ‘नंतर द्या’ हे बटण सर्वांत मोठे असते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांनी अनेक धार्मिक मंडळींचाही जीव भांड्यात पडतो. व्याज नाही म्हणजे प्रश्नच मिटला. पण शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, अशा अर्थाची सूचना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना दिली होती. व्याज बहुधा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत दडलेले असते.

इथे फुकहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, केलेला एक भेद उपयोगाचा आहे. रोखीने १०,००० ची वस्तू हप्त्यांनी ११,००० ला विकली आणि ती एकच किंमत व्यवहाराच्या वेळी पक्की झाली, तर बहुतेकांच्या मते ती विक्री आहे, व्याज नाही. पण हप्ता चुकला म्हणून रक्कम वाढत गेली, दिवस जातील तशी फुगत गेली, तर तो ‘रिबा’. कुरआनात व्यापाराला परवानगी आणि रिबाला मनाई एकाच आयतीत येते. त्याच अध्यायात थोडे पुढे, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करता आले तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे.

कर्ज देणाऱ्या अॅपांचा अनुभव याच्या नेमका उलटा होता. ढिगाचा तळ तर दिसत नव्हताच, उलट अॅपच कर्जदाराच्या फोनच्या तळापर्यंत हात घालत असे: नातेवाइकांचे नंबर, फोटो, सगळे. हप्ता थकला की त्याच नंबरांवर बदनामी सुरू. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम आणले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावेत, वर्षाचा खरा दर सांगणारे माहितीपत्र आधी द्यावे, ठराविक दिवसांत विचार बदलला तर दंड न भरता कर्ज परत करता यावे, फोनमधल्या संपर्कयादीला हात लावू नये. हे नियम वाचताना मदिनेचा बाजार आठवतो. बोटे दाबण्यापूर्वी ते माहितीपत्र मागणे हा कोणत्याही धर्माच्या माणसाचा हक्क आहे.

बिनव्याजी व्यवस्थेचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तिचा विचार व्हावा असे सुचवले. सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाचा लहानसा प्रयोग केला. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले. शेअर बाजारात मात्र शरियतच्या कसोटीवर निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांक मुंबईत २०१० पासून आहे.

मधल्या रिकाम्या जागेत ‘हलाल’ची पाटी लावून काहींनी दुकान थाटले. बेंगळुरूच्या ‘आय मॉनेटरी अॅडव्हायझरी’ने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो लोकांचे पैसे घेतले. २०१९ ची ईद ५ जूनला होती. त्यानंतर आठवडाभरातच कार्यालयापुढे गुंतवणूकदारांच्या रांगा लागल्या. संस्थापक परदेशात गेला होता. जुलैत परतल्यावर दिल्लीच्या विमानतळावर त्याला अटक झाली. विधवांचे, निवृत्तांचे, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात होते. या माणसांना व्याज नको होते, तेवढाच त्यांचा आग्रह होता. पण मुदारब्याचा नियम अगदी सोपा आहे: नफ्यातला वाटा ठरवता येतो, नफ्याची रक्कम नाही, आणि तोटा झाला तर भांडवलाला झळ बसते. दरमहा ठरलेली मोठी रक्कम ‘नफा’ म्हणून कोणी देऊ करत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ढीग आतून ओला आहे. पाटी वाचण्याऐवजी सेबीची नोंदणी आणि हिशेब पाहायला हवेत.

दुसऱ्याचे पैसे आणि आपली जकात

रमजानमध्ये बहुतेक मुस्लिम व्यापारी जकातीचा हिशेब करतात. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती वर्षभर ज्याच्याकडे असेल त्याने तिच्यातले अडीच टक्के गरजूंना द्यायचे, असा आपल्याकडचा सर्वसाधारण हिशेब. ऑनलाइन व्यापाऱ्याने विक्रीसाठी ठेवलेला माल आजच्या भावाने मोजायचा, वॉलेटमधली रक्कम आणि अॅपकडून यायचे पैसेही धरायचे. मग देणी वजा करायची. जे दुसऱ्याचे आहे ते आपल्या संपत्तीत धरायचे नाही.

या ‘देणी’ शब्दापाशी तारापूर एमआयडीसीच्या संदर्भात थांबायला हवे. कापड, रसायने, औषधे, पोलाद अशा कारखान्यांच्या आजूबाजूला जॉबवर्क करणारी, पॅकिंग करणारी, सुटे भाग बनवणारी असंख्य लहान युनिट्स आहेत. त्यांचा माल वेळेवर जातो, बिल त्याच दिवशी पोर्टलवर चढते, पैसे मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. २०२४ पासून आयकरातही असे झाले की मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरीही लहान पुरवठादार तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच साहेबांकडून यायची असते. उशिराबद्दल कायदा त्याला चक्रवाढ व्याज देऊ करतो, पण त्याच्या श्रद्धेत ते व्याज स्वतःसाठी वापरणे बसत नाही. म्हणजे तो दोन्हीकडून मारला जातो.

ऐपत असताना देणे लांबवणे म्हणजे जुलूम, असे हदीसमध्ये सांगितले आहे. ‘जुलूम’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा आहे, अर्थ समजावायला नको. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हेही प्रेषितांचे सांगणे प्रसिद्ध आहे. दर शुक्रवारी ते ऐकायचे आणि सोमवारी लेखापालाला ‘अजून महिनाभर थांबव’ म्हणायचे, हे एकत्र बसत नाही. हे आपल्याच समाजातल्या व्यापाऱ्यांना आधी सांगितले पाहिजे. पुरवठादाराचे चार लाख चार महिने आपल्या खात्यात ठेवून त्यातूनच मशिदीबाहेर जकात वाटली, तर ते दान दुसऱ्याच्या पैशांतून झाले. आधी देणे, मग दान, असा क्रम आहे.

बटण दाबले की पैसे क्षणात पोचतात, आता उशिराला तांत्रिक सबब उरलेली नाही. घाम सुकण्याआधी मजुरी देणे पूर्वी कठीण होते, मजुरीची रोकड जमवावी लागे. आज ते प्रत्येकाच्या अंगठ्याखाली आहे. स्वतःचा रोजा सोडायला रस्त्याच्या कडेला दोन मिनिटे थांबणारा डिलिव्हरी करणारा मुलगा आपल्या घरची इफ्तारी वेळेवर पोचवत असतो. दोन मिनिटे उशीर झाला म्हणून त्याला एक तारा देण्याआधी हेही आठवावे. त्याचा हिशेब अॅपमध्ये होतो, आणि त्या ढिगाचा तळ ना त्याला दिसतो ना आपल्याला.

चिंचणीचा ताम्रपट

मदिना लांब आहे, काळही लांबचा, असे कोणाला वाटेल. मग बोईसरहून जेमतेम अर्ध्या तासाच्या चिंचणीला जाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यात या गावात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक राष्ट्रकूट काळातला, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. तो संस्कृतात आहे. त्यात संयान, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक, म्हणजे अरबी वंशाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. नाव ‘मधुमती सुगतिप’. ‘मधुमती’ हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने त्याला हा प्रदेश सोपवला होता. त्याच्या कारभारात भगवतीच्या मंदिराशेजारच्या मठाला जमीन दान दिली गेली, त्याचीच ही नोंद.

त्या अधिकाऱ्याची जी कामे ताम्रपटात सांगितली आहेत त्यांतली दोन इथे महत्त्वाची. त्याने प्रवाहांवर मोफत नाव सुरू केली, आणि भात, कालवण, तूप फुकट मिळेल असे अन्नछत्र चालवले. बंदरांचा हा मुलूख. वाटेत नदी आली की नाववाल्याचे राज्य असते. तो मागेल ते द्यावे लागते, नाहीतर माल अलीकडेच राहतो. म्हणून नाव मोफत करणे हे व्यापारावरचे मोठे उपकार होते.

आजच्या बाजारातली नाव म्हणजे अॅप, प्लॅटफॉर्म. विकणारा एका तीरावर, घेणारा दुसऱ्या, मधे नाववाला. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून त्यावर आलेल्या पैशांवर दुकानदाराला व्यापारी शुल्क लागत नाही. भाजीवालीपासून शोरूमपर्यंत सगळे एकाच नावेतून पार होतात. ही त्या मोफत नावेची आजची बहीण म्हणायला हरकत नाही. इतर प्लॅटफॉर्मनी शुल्क घेऊ नये असे कोणी म्हणत नाही, सेवा दिली तर मोल हवेच. पण एक जुना नियम त्यांनाही लागू पडतो. शहरात येणाऱ्या काफिल्याला व्यापारी वेशीबाहेर गाठत आणि बाजारभाव माहीत नसलेल्या खेडुताकडून स्वस्तात माल घेत. प्रेषितांनी याला मनाई केली. मालवाल्याला बाजारात पोचल्यावर खरा भाव कळला तर आधीचा सौदा मोडायचा हक्कही दिला. जो दोन्ही तीर पाहतो त्याने एका तीराच्या अज्ञानावर पैसे कमवू नयेत, असा त्याचा अर्थ. कोणाचा माल वर दिसतो आणि का, कमिशन किती, उद्या नियम बदलला तर विक्रेत्याला कधी कळेल, हे नाववाल्याने आधी सांगायला हवे.

चाँदरात येईपर्यंत करण्यासारखी कामे अवघड नाहीत. विक्रीच्या पानावरचे फोटो एकदा पाहावेत आणि मालात जो दोष आहे तो पहिल्या ओळीत लिहावा. शिल्लक नसलेला माल काढून टाकावा. भावाला लिहायला लावलेले अभिप्राय पुसून टाकावेत. मामाशी झालेली भागीदारी एका कागदावर आणावी. आणि थकलेल्या बिलांची यादी उघडून सर्वांत लहान पुरवठादारापासून पैसे पाठवायला सुरुवात करावी. यातले एकही काम करायला मुसलमान असावे लागत नाही. ईदच्या सकाळी नमाजाआधी फितरा देऊन टाकायची पद्धत आहे, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. पुरवठादाराचे, मजुराचे, शिलाई करणाऱ्या बाईचे पैसेही त्याआधीच पोचावेत. त्यांच्याही घरी सण असतो.